सॉफ्टबॉल: सर्टिफिकेटानंतरचा आमचा हंगाम

तापीकाठ | १० मार्च, रात्री ९:२०

मंडळी, जळगावातल्या आमच्या सॉफ्टबॉल संघाचा हंगाम परवाच्या रविवारी संपला. निकाल आधीच सांगतो: हरलो जास्त, जिंकलो कमी. तरी सविस्तर लिहितोय, कारण इथल्या कित्येकांनी शाळेत हा खेळ खेळलाय आणि बारावीनंतर कायमचा सोडलाय.

आपल्याकडे सॉफ्टबॉल नवा नाही. शालेय स्पर्धांत तो आहे. तालुका, जिल्हा, विभाग असं करत पोरं-पोरी राज्यापर्यंत जातात. सर्टिफिकेट मिळतं, बोर्डाला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी भरतीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा काहींना आधार होतो. यात वाईट काही नाही. कापसाच्या, केळीच्या घरातल्या पोराला त्यातून दार उघडतं आणि ते उघडावंच. पण सर्टिफिकेट फायलीत गेलं की ग्लोव्ह माळ्यावर जातो. क्रिकेटला गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत, कबड्डीला मोठ्या माणसांचे संघ आहेत. तिशी-चाळिशीतला माणूस सॉफ्टबॉल खेळताना कुठे दिसतो? आम्हाला तो खेळ फक्त खेळण्यासाठी परत हवा होता. संघ निघाला तो एवढ्याचसाठी.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बापू; त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मनगटात ताकद एवढी की चेंडू कुठून सुटला ते बॅटरला कळत नाही. बॅटरच्या मागे चेंडू झेलणारे कॅचर नाना बँकेत कॅशियर. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, आमच्या ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, शाळकरी वयात राज्य पातळीवर खेळलेल्या. तिसऱ्या बेसवर रावेरकडचा आमचा केळीवाला दादा, जन्मभर क्रिकेट खेळलेला. बाकीच्यांत एक मेडिकलवाले, एक वकील, जिनिंगमधला एक जण आणि कॉलेजातली दोन पोरं. आणि अप्पा. अप्पा निवृत्त क्रीडाशिक्षक. ते खेळत नाहीत, स्कोअरबुक सांभाळतात. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंडला दिला, सेकंडने फर्स्टला फेकला आणि दोन गडी बाद झाले, की अप्पा वहीत त्या तिघांच्या जागांचे आकडे ६-४-३ लिहितात आणि त्या दिवशी घरी जाताना सगळ्यांना चहा पाजतात. यंदा त्यांना चहा फार वेळा पाजावा लागला नाही, पण जेव्हा पाजला तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

हंगाम दिवाळीनंतर सुरू करतो. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला धरून बसते, मैदानावर पाय टाकता येत नाही. होळीनंतर ऊन असं चढतं की सकाळी नऊला बेस तापतात. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जाणाऱ्या गावात हा खेळ हिवाळ्याचाच. योगायोग बघा, १८८७ मध्ये शिकागोत तो जन्मला तोही हिवाळ्यापायीच. थंडीत बाहेर बेसबॉल खेळता येत नाही म्हणून एका बोट क्लबच्या व्यायामशाळेत, आत खेळायला काढलेला खेळ. त्यांना बर्फाने आत ढकललं, आम्हाला थंडी बाहेर काढते.

पण दिवाळीनंतरचा काळ म्हणजे कापूस वेचणीचा, जिनिंगला तीन पाळ्या चालण्याचा. नऊ जण जमवणं हीच खरी स्पर्धा. दादाची केळीची गाडी भरायची असली की तो येणार नाही, हे गृहीत. मग अप्पांचा नातू राइट फील्डला उभा राहतो.

आता शेवटच्या सामन्याचं. घरच्या मैदानावर, समोर भुसावळची मंडळी. त्यांच्यात रेल्वेतले बरेच आणि थ्रो सगळ्यांचे खणखणीत. सातव्या म्हणजे शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे. दोन बाद. तिसऱ्या बेसवर ताई, दुसऱ्यावर वकीलसाहेब, बॅटवर दादा. दोन स्ट्राइक झालेले. बापूंसारखाच त्यांचाही पिचर तगडा. दादाने जीव खाऊन बॅट फिरवली, चेंडू हुकला. तिसरा स्ट्राइक. दादा वळला, हेल्मेट काढायला हात वर गेला. आणि ताई तिसऱ्या बेसवरून ओरडल्या, "पळ! दादा, पळ!"

चेंडू कॅचरच्या हातात नव्हता. लेगगार्डला लागून बाजूला गेलेला. दादा पळाला, बॅट हातात घेऊनच पळाला. कॅचरने चेंडू उचलला, घाईत फर्स्टला फेकला, तो बेसमनच्या डोक्यावरून गेला. ताई घरी, म्हणजे होम प्लेटवर. बरोबरी! पुढचा बॅटर बाद झाला आणि सामना आठव्या डावात गेला. तिथे आम्ही एका धावेने हरलो.

हरल्यानंतर दोन्ही संघ मिळून दादाच्या शेतावर गेलो. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी मुसळाने ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. भुसावळच्या पिचरने आणि बापूंनी जेवता जेवता एकमेकांना पकडी दाखवल्या. दोघांच्या हातात चेंडूऐवजी वांगं होतं.

आपापले अनुभव लिहा. कुणाला खेळायचं असेल तर तेही लिहा.

---

रावेरकर | १० मार्च, रात्री १०:०५

मस्त लिहिलं भो. पण एक समजलं नाही. तीन स्ट्राइक झाले म्हणजे गडी बाद. मग तो पळाला कसा आणि धाव मोजली कशी? भुसावळवाल्यांनी हरकत नाही घेतली?

---

तापीकाठ | १० मार्च, रात्री १०:३०

रावेरकर, नियमच तसा आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरने जमिनीला न लागता झेलला तरच बॅटर लगेच बाद. चेंडू सुटला आणि फर्स्ट बेस मोकळा असला तर बॅटरला पळता येतं. दोन बाद झालेले असतील तर फर्स्टवर कुणी असलं तरीही पळता येतं. मग त्याला टॅग करायचं, म्हणजे हातातला चेंडू त्याच्या अंगाला लावायचा, किंवा तो पोचायच्या आत फर्स्टला चेंडू द्यायचा. ताईंना हे शाळेपासून माहीत, म्हणून एवढ्या गडबडीत त्यांची नजर चेंडूवर होती. इतक्या वर्षांनी अंगात मुरलेला नियम तोंडातून बाहेर आला, याचा मला त्या धावेपेक्षा जास्त आनंद झाला.

---

यार्डातला | ११ मार्च, सकाळी ७:१५

मी त्या दिवशी भुसावळकडून सेंटर फील्डला होतो. हरकत कशी घेणार, ताई बरोबर होत्या! आमच्या कप्तानाने तिथल्या तिथे मान्य केलं.

आठव्या डावाचं तापीकाठने दोन शब्दांत उरकलं, ते मी पूर्ण करतो. जादा डावात एक धावपटू आधीच सेकंड बेसवर उभा करतात, म्हणजे सामना लांबत नाही. आमच्या पहिल्या बॅटरने बंट टाकली, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवला. सगळे मागे सरकून उभे होते आणि चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेवरून हळूच घरंगळत गेला. त्यांच्या नानांनी मास्क फेकून झडप घातली, बॅटरला फर्स्टला बाद केलं, पण आमचा माणूस तिसऱ्यावर पोचला. मग एक उंच झेल डाव्या बाजूला. झेल होईपर्यंत आमचा माणूस बेसला पाय लावून उभा आणि झेल होताक्षणी घराकडे. थ्रो आला तो आडवा पडून घसरेपर्यंत. धूळ एवढी उडाली की अंपायरला वाकून बघावं लागलं. सेफ.

आणि भरिताबद्दल: आमच्याकडेही वांगी भाजतो भाऊ, पण त्या दिवशीचं भरीत मी विसरणार नाही. हरलेल्या संघाने जिंकलेल्याला हाताला धरून जेवायला बसवलं. पुढच्या वर्षी यजमान आम्ही.

---

कळण्याची भाकरी | ११ मार्च, दुपारी १:४०

मी अमळनेरची, आता पुण्यात. शाळेत सेकंड बेस खेळायचे. विभागापर्यंत गेलो होतो. तापीकाठ, तुमचं सर्टिफिकेटाचं वाक्य वाचून थांबले. मुलांचा खेळ नोकरीनंतर सुटतो, आम्हा मुलींचा तर बारावीचा निकाल लागायच्या आधीच सुटला. माझ्या संघातल्या बहुतेकींची लग्नं दोन-तीन वर्षांत झाली. आज त्यांपैकी एकीच्याही घरी ग्लोव्ह नसेल. माझा आईने अजून ठेवलाय, कपाटात, जुन्या साडीत गुंडाळून.

ताईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्यात बायका किती? आणि पिचिंगचं अंतर कसं ठेवता? पुरुषांचं वेगळं असतं ना?

---

तापीकाठ | ११ मार्च, संध्याकाळी ६:५०

नमस्कार पोचवला. ताई म्हणाल्या, अमळनेरच्या मुली फार चपळ असायच्या, आम्ही त्यांना घाबरायचो.

आमच्यात सध्या चौघी आहेत. पुरुषांच्या खेळात पिचिंगची पाटी ४६ फुटांवर असते, महिलांच्या ४३ वर. आम्ही मिश्र खेळतो म्हणून ४३ ठेवलंय आणि हात पूर्ण गोल फिरवून टाकायची विंडमिल पद्धत बंद ठेवलीय. खालून, पेंडुलमसारखा हात मागे नेऊन पुढे आणायचा. त्यामुळे नव्या माणसाला चेंडू दिसतो तरी. बाकी खेळ तोच: चार बॉल (म्हणजे चुकीच्या जागी टाकलेले चेंडू), तीन स्ट्राइक, सात डाव, चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही.

पहिल्या वर्षी ताई एकट्या होत्या. त्यांनी एकेक करून बाकी तिघींना आणलं. एकीचं मूल लहान आहे, ते डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बसायच्या जागी, अप्पांच्या मांडीवर असतं. अप्पा एका हाताने त्याला धरतात, दुसऱ्याने स्कोअर लिहितात.

---

पांझरा | ११ मार्च, रात्री ९:३०

राम राम भाऊ. वाचीसन मन भरी उनं.

धुळ्यात आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे जुने शाळेतले खेळाडू. पण एक सुचवतो. तुम्ही स्लो पिच का खेळत नाही? चेंडू हवेत कमान करून टाकायचा, बंट नाही, बेस चोरणं (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणं) नाही, मैदानात दहावा क्षेत्ररक्षक. प्रत्येकाच्या बॅटला चेंडू लागतो. चाळिशीच्या माणसाला दर खेपेला तीन स्ट्राइक खाऊन परत जायला लावलं तर तो पुढच्या रविवारी येईल का? जगभर हौशी लोक तेच खेळतात.

---

स्कोअरबुक | १२ मार्च, सकाळी ६:१०

मी तापीकाठने लिहिलेला अप्पा. नातवाने खातं उघडून दिलं.

पांझरा, तुमचा मुद्दा रास्त आहे, माणसं टिकवायची असतील तर स्लो पिच सोपा. तरी मी विरोधात आहे. बंट आणि बेसची चोरी काढली की या खेळातला विचार निम्मा जातो. आपल्याकडच्या मुलांची ताकद मुळात त्यातच होती. उंची-वजन कमी, पण पाय हलके आणि डोकं जागं. मी मैदानावर जी मुलं घडवली ती होमरन मारणारी नव्हती. बंट टाकून फर्स्टला पोचायची, दुसरा बेस चोरायची आणि पिचरचा जीव टांगणीला लावायची.

बाद होण्याची भीती वाटते म्हणता, तर आमच्या केळीवाल्या दादाचं बघा. क्रिकेटची सवय इतकी की पहिल्या महिन्यात तो प्रत्येक वेळी बॅट घेऊनच पळायचा. चेंडू मागे मारायचा, तो फाऊल जायचा. झेल दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, ग्लोव्ह नुसता अडकवलेला. फर्स्ट बेस ओलांडून पुढे पळत गेलं तरी चालतं, पण सेकंड आणि थर्डला पायाखालून बेस सुटला की टॅग करून बाद करतात, हे त्याला पटता पटत नव्हतं. मी त्याला रोज सरावानंतर थांबवून घेतलं. आज तिसऱ्या बेसवरून त्याचा फर्स्टला जाणारा थ्रो बघा. सरळ रेषेत जातो. अवघड गोष्ट जमली म्हणूनच तो गाडी भरून, न झोपता मैदानावर येतो.

---

पांझरा | १२ मार्च, सकाळी ८:४५

सर, मानलं. आधी तुमच्या नियमांनी खेळून बघतो. मैदान आखायचं कसं तेवढं सांगा. शाळेत सर आखून ठेवायचे, आम्ही नुसते खेळायचो.

---

स्कोअरबुक | १२ मार्च, सकाळी ११:२०

लांब न ताणणारी दोरी घ्या. होम प्लेटचा मागचा टोकदार कोपरा पक्का करा. तिथून सरळ समोर ८४ फूट १० इंचांवर खुंटी ठोका, तो सेकंड बेस. आता ६० फुटांची दोरी होमवरून उजवीकडे फिरवून जमिनीवर रेघ काढा, तशीच सेकंडवरून काढा. रेघा जिथे एकमेकींना छेदतील तो फर्स्ट. डावीकडे तसंच करा, तो थर्ड. चौकोन आपोआप काटकोनी येतो. पिचरची पाटी होमपासून ४३ किंवा ४६ फुटांवर, होम आणि सेकंडच्या सरळ रेषेत. मग चुन्याची फक्की मारा.

काळी माती असेल तर बेसच्या आजूबाजूला बारीक मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवा. हिवाळ्यात ढेकळं आणि भेगा राहतात, त्यात पाय मुरगळतो. घसरायचा सराव आधी ओल्या गवतावर करा, मग मुरमावर.

---

मेहरूणची आई | १२ मार्च, दुपारी ३:३०

विषय थोडा वेगळा, पण विचारते. माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या सरांचं म्हणणं, क्रिकेटमध्ये गर्दी फार, सॉफ्टबॉल घे म्हणजे राज्यापर्यंत लवकर जाशील, गुण मिळतील. घरचे म्हणतात, नुसत्या गुणांसाठी कशाला वेळ घालवायचा. तुम्ही सगळे खेळलेले आहात. काय करू?

---

कळण्याची भाकरी | १२ मार्च, दुपारी ४:१५

ताई, घेऊ द्या त्याला. गुणांसाठी सुरुवात झाली तरी बिघडत नाही, माझीही तशीच झाली होती. फक्त दोन-तीन महिन्यांनी त्याला विचारा, सरावाला जायला आवडतं का. आवडत असेल तर बारावीनंतर सोडायला लावू नका. हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आहे: १९९६ ते २००८ महिलांचा होता, टोकियोत पुन्हा झाला, आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत आहे. तिथे फक्त महिलांचा आहे, म्हणून मुलगी असती तर मी अजून जोरात सांगितलं असतं. पण खेळ म्हणून मुलालाही तेवढाच चांगला. नजर, हात, पाय आणि डोकं एकाच वेळी चालतं.

---

तापीकाठ | १२ मार्च, रात्री ८:४०

मेहरूणची आई, वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. एकच जोड देतो: सराव करताना हेल्मेट आणि कॅचरला मास्क, चेस्ट गार्ड, लेगगार्ड आहे ना, ते सरांना विचारा. चेंडू १२ इंच घेराचा असतो आणि जोरात लागतो. शाळेकडे एकच सेट असेल तर पालकांनी मिळून दुसरा आणावा. आम्हीही वर्गणीतूनच आणतो. मेरठ-जालंधरचा माल आपल्याकडच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मागवून मिळतो. डावखुऱ्यांसाठीचा ग्लोव्ह मात्र आधी सांगून ठेवावा लागतो, तो पटकन मिळत नाही.

---

जिनिंगवाला | १२ मार्च, रात्री १०:५०

मी त्यांच्या संघातला लेफ्ट फील्ड. आठव्या डावातला तो झेल माझा. थ्रोही माझाच, तो एक पाऊल उशिरा पोचला.

मला एवढंच लिहायचंय. जिनिंगला सीझनमध्ये रात्रपाळी असते. रविवारी सकाळी सुटून मी थेट मैदानावर यायचो, अंगावर सरकी आणि कापसाचे तंतू तसेच. नाना डब्यात माझ्यासाठी खिचडी आणायचे, त्यांच्या घरून. मी कधी मागितली नाही, त्यांनी कधी चुकवली नाही. जानेवारीत वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्री आळीपाळीने संघातलंच कुणी ना कुणी माझ्याबरोबर थांबलं. बापूंनी गॅरेज बंद ठेवून दोन वेळा गाडी दिली. वडील आता बरे आहेत. शेवटच्या सामन्याला बाबा खुर्ची टाकून सीमारेषेवर बसले होते. खेळ त्यांना फारसा कळत नाही, पण ताई घरी पोचल्या तेव्हा सगळ्यात आधी उभे राहिले ते बाबा.

---

यार्डातला | १२ मार्च, रात्री ११:१५

जिनिंगवाले भाऊ, तो झेल आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे. उलटं पळत घेतला होता. बाबांना नमस्कार सांगा, पुढच्या वेळी भुसावळला घेऊन या, स्टेशनवर न्यायला येतो.

---

तापीकाठ | १३ मार्च, सकाळी ७:३०

काल रात्री ताई, अप्पा आणि मी बसून पुढचं थोडं ठरवलं, ते सांगतो. एप्रिल-मे मैदान बंद, पण संध्याकाळी सातनंतर फक्त थ्रो आणि झेल, तेही दिव्याखाली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात सुट्टी, सगळे गावी जातात. पावसाळ्यात अप्पा शाळेच्या वर्गात नियमांचे तास घेणार आहेत, फळ्यावर. मेहरूणची आई, मुलाला त्यालाही पाठवा, पैसे नाहीत.

पांझरा, तुमचे आठ आणि आमच्याकडचे दोन राखीव मिळून दिवाळीनंतर पहिला सामना धुळ्याला धरू. मैदान आखायला अप्पा आदल्या दिवशी येतील, त्यांनी स्वतःच तसं सांगितलंय. कळण्याची भाकरी, दिवाळीला माहेरी येणार असाल तर कळवा. सेकंड बेसला आमच्याकडे कायमचं कुणी नाही, आणि ताई म्हणतात की ग्लोव्ह आहे तर बाकीचं होऊन जाईल. फक्त आईंना सांगा की त्याला आताच खोबरेल लावून ठेवा, चामडं वाळलं असेल.

---

कळण्याची भाकरी | १३ मार्च, सकाळी ९:०५

आईला आत्ताच फोन केला. ती विचारत होती, किती बोटं तेल लावू. येते मी. भाऊबीजेनंतरचा रविवार धरा.